पिट्युटरी पेशींवर रिसर्च करायचाय? ठाणे-नवी मुंबईतनं सुरुवात कशी करायची

बारावी सायन्स झालं, नीटचा स्कोअर हवा तेवढा आला नाही किंवा मुळातच डॉक्टर व्हायचं नव्हतं, बायोलॉजी मात्र मनापासून आवडते, अशी खूप मुलंमुली ठाण्यात, कळव्यात, ऐरोलीत, नेरूळला बीएस्सी करतायत आणि त्यांना फक्त एवढंच माहीत असतं की रिसर्च करायचाय, कशावर ते नाही. त्यातल्या ज्यांना हार्मोन्सचं कुतूहल आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय, आणि त्यांच्या आईवडलांसाठीपण, कारण घरी पहिला प्रश्न हाच येतो की "पुढे काय होणार याचं?" पुढे बरंच काही होतं, पण वाट लांब आहे आणि सुरुवातीच्या चारपाच वर्षांत काय शिकलात त्याच्यावर खूप काही ठरतं.

पिट्युटरी म्हणजे आपली पीयूष ग्रंथी, मेंदूच्या खाली हाडाच्या खोबणीत बसलेली, वाटाण्याएवढी, वजन साधारण अर्धा ग्रॅम. तिच्या पुढच्या भागात हार्मोन बनवणाऱ्या मुख्य पाच प्रकारच्या पेशी असतात, ग्रोथ हार्मोनवाल्या, प्रोलॅक्टिनवाल्या, एसीटीएचवाल्या, टीएसएचवाल्या, आणि एलएच-एफएसएच बनवणाऱ्या गोनॅडोट्रोफ. वरनं हायपोथॅलॅमसकडनं बारीक रक्तवाहिन्यांतनं सिग्नल येतात आणि ह्या पेशी ठरवतात किती सोडायचं, कधी सोडायचं. घरातल्या कुणाचाही पॅथॉलॉजी रिपोर्ट काढून बघा, टीएसएच, प्रोलॅक्टिन, एलएच, एफएसएच ही सगळी नावं ह्याच ग्रंथीची. ठाण्यातल्या आयव्हीएफ क्लिनिकमधे जी ल्युप्रोलाइडसारखी इंजेक्शनं देतात त्यांच्यामागे याच पेशींचं विज्ञान आहे. म्हणजे विषय छोटा वाटला तरी छोटा नाहीये.

आता माझं मुख्य म्हणणं आधीच सांगून टाकते. ह्या फील्डमधलं करिअर परीक्षेच्या रँकवर किंवा इन्स्टिट्यूटच्या नावावर उभं राहत नाही, ते हार्मोन नीट मोजता येण्यावर उभं राहतं. ज्याला मोजता येतं त्याला प्रश्न विचारता येतात, बाकीचे लोक दुसऱ्यांच्या आकड्यांवर अवलंबून राहतात. १९७७ चं मेडिसिनचं नोबेल बघा ना. अर्धं मिळालं रॉजर गिलमॅं आणि अँड्र्यू शॅली यांना, हायपोथॅलॅमसमधले पिट्युटरीला हुकूम देणारे पेप्टाइड शोधल्याबद्दल, एकाने मेंढ्यांचे आणि दुसऱ्याने डुकरांचे लाखो हायपोथॅलॅमस वापरून, आणि १९६९ मधे त्यातलं पहिलं, टीआरएच म्हणजे टीएसएच सोडायला सांगणारं हार्मोन, निघालं तर ते फक्त तीन अमिनो अॅसिडचं. उरलेलं अर्धं मिळालं रोझलिन यॅलो यांना, ज्या मूळच्या फिजिक्सच्या, रेडिओइम्युनोअसे म्हणजे रक्तातलं अतिशय थोडं हार्मोन मोजायची पद्धत शोधल्याबद्दल. त्यांचे जोडीदार सॉलोमन बर्सन १९७२ मधेच गेले म्हणून त्यांचं नाव त्यात नाही. हार्मोन शोधणाऱ्यांना आणि हार्मोन मोजायला शिकवणारीला एकाच वर्षी एकच पारितोषिक, हे मला अगदी योग्य वाटतं.

आणि ही मोजणी आपल्या इथे लांबची गोष्ट नाहीये. वाशीला ब्रिट आहे, अणुऊर्जा विभागाचं बोर्ड ऑफ रेडिएशन अँड आयसोटोप टेक्नॉलॉजी, तिथे थायरॉइड हार्मोन्सची रेडिओइम्युनोअसे किट्स बनत आलीत. त्यात आयोडीन-१२५ असतं, त्याचं अर्धायुष्य साधारण ६० दिवस, त्यामुळे किट लवकर जुनं होतं आणि कागदावर सगळा हिशोब ठेवावा लागतो. आज बऱ्याच ठिकाणी एलायझा किंवा केमिल्युमिनेसन्स ह्या रेडिओअॅक्टिव्हिटी न वापरणाऱ्या पद्धती आल्यात, पण तत्त्व शिकायचं असेल तर आरआयए म्हणजे रेडिओइम्युनोअसे समजून घ्या, बाकीचं मग सोपं जातं.

बीएस्सी-एमएस्सीची वर्षं

झूलॉजी, लाइफ सायन्स, बायोकेमिस्ट्री, बायोटेक, काहीही चालतं, ह्याच्यावरनं घरात भांडू नका. ठाण्यात बांदोडकर, नेरूळला एसआयईएस, मुलुंडला केळकर-वझे, अशी कॉलेजं लोकलच्या टप्प्यात आहेत आणि ट्रान्सहार्बर झाल्यापासनं ठाण्याहून वाशी-नेरूळला रोज जाणं ही अडचण राहिली नाही. कॉलेजच्या नावापेक्षा तिथे प्रॅक्टिकल खरंच होतं का ते बघा. म्हणजे एक एलायझा प्लेट वीस जणांत मिळून एकदा दाखवली जाते की प्रत्येकाच्या हातात पिपेट येतं. पिपेटिंग ही गोष्ट फार साधी वाटते पण मायक्रोलिटरमधे हात स्थिर व्हायला महिने लागतात, आणि तुमचा सगळा डेटा शेवटी त्या हातावर आहे. डुप्लिकेट वेलमधले दोन आकडे एकमेकांच्या जवळ येतात का हे तुम्ही एसवायपासनंच बघायला लागलात तर एमएस्सीत तुम्ही बाकीच्यांच्या खूप पुढे असाल.

सुट्ट्या वाया घालवू नका. तीन विज्ञान अकादम्या मिळून समर रिसर्च फेलोशिप देतात, टीआयएफआरचा उन्हाळी प्रोग्रॅम आहे, जेएनसीएएसआरचा आहे, अर्ज हिवाळ्याच्या आसपास सुटतात आणि मुलं मार्चमधे विचारायला येतात तोवर संपलेलं असतं. दिवाळीनंतर दर आठवड्याला ह्या साइट्स उघडून बघा. आणि समर प्रोजेक्टला हार्मोनवालीच लॅब मिळाली पाहिजे असा हट्ट धरू नका, सेल कल्चर, वेस्टर्न, क्यूपीसीआर यातलं काहीही हाताखालनं गेलं तरी कामाचं आहे.

लॅबच मिळाली नाही तर? तर घरी बसून करता येईल असं एक खरंखुरं काम आहे, आणि ते फार थोडी मुलं करतात. उंदराच्या पिट्युटरीचे सिंगल सेल आरएनए सिक्वेन्सिंगचे डेटासेट, म्हणजे एकेका पेशीत कुठली जीन्स चालू आहेत त्याची माहिती, जीईओ ह्या ऑनलाइन डेटाबेसवर फुकट पडलेले आहेत. आर ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिका, एक डेटासेट उतरवा, पाच प्रकारच्या पेशी वेगळ्या काढून बघा, प्रोलॅक्टिनवाल्या पेशींत डोपामिनचा डी२ रिसेप्टर किती पेशींत दिसतो, सगळ्यांत सारखा दिसतो का, एवढा एक प्रश्न घेऊन दोन महिने बसा. इंटरव्ह्यूमधे "मला रिसर्चची आवड आहे" म्हणण्यापेक्षा हा एक ग्राफ दाखवणं शंभरपट चांगलं.

नव्या नियमात चार वर्षांची डिग्री ७५ टक्क्यांनी केली तर थेट पीएचडीला पात्र होता येतं. पण ह्या विषयात मी म्हणेन एमएस्सी करा, त्यातल्या डिझर्टेशनच्या सहा महिन्यांत लॅब म्हणजे काय ते कळतं आणि आपल्याला झेपतंय की नाही हेपण कळतं, पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी कळण्यापेक्षा ते बरं.

परीक्षा

ह्याच्यावर क्लासवाले खूप बोलतात म्हणून मी थोडक्यात. पीएचडीच्या फेलोशिपसाठी मुख्य परीक्षा सीएसआयआर नेट लाइफ सायन्स, २०० मार्क, तीन तास, निगेटिव्ह मार्किंग. पार्ट एमधे २० पैकी १५, बीमधे ५० पैकी ३५, सीमधे ७५ पैकी २५ सोडवायचे, आणि सीचे प्रश्न चार-चार मार्कांचे, तिथे एक्सपेरिमेंट देऊन निष्कर्ष विचारतात. युनिट चार सेल सिग्नलिंगचं आणि युनिट सात अॅनिमल फिजिऑलॉजीचं, हे दोन्ही तुमच्या विषयाचेच आहेत, पाठांतर न करता करा. शिवाय आयसीएमआरची जेआरएफ म्हणजे ज्युनिअर रिसर्च फेलोशिप, डीबीटीची बीईटी, गेट, टीआयएफआर-एनसीबीएसची वेगळी परीक्षा. एकीवर अडून बसू नका, सगळ्या द्या. २०२३ च्या जानेवारीपासनं जेआरएफ महिना ३७,००० आणि पुढची सीनिअर म्हणजे एसआरएफ ४२,००० आहे, वर एचआरए. बार्टी, सारथी, महाज्योती यांच्यापण पीएचडी फेलोशिप आहेत, ज्यांना लागू आहेत त्यांनी जाहिरातींवर लक्ष ठेवा, कागदपत्रं आणि जातवैधता आधीच काढून ठेवा, ठाणे कलेक्टर ऑफिसला शेवटच्या आठवड्यात धावण्यात अर्थ नाही.

गाइड कसा निवडायचा

इथे जरा थांबते कारण पाचसहा वर्षं ह्या एका निर्णयावर जातात. बहुतेक मुलं आधी इन्स्टिट्यूट ठरवतात, मग तिथे कोण घेतंय ते बघतात, मग जो टॉपिक मिळेल तो घेतात. मी म्हणेन उलटं करा, आधी प्रश्न, मग माणूस, मग इमारत.

आपल्या जवळपास काय आहे ते बघू. परळला आयसीएमआरची एनआयआरआरसीएच, प्रजनन आणि बालआरोग्यावरची राष्ट्रीय संशोधन संस्था, १९७० पासनंची, प्रजननाशी संबंधित हार्मोन्स आणि त्यांचे रिसेप्टर यांच्यावर तिथे खूप काम झालंय, एफएसएच आणि त्याच्या रिसेप्टरवर तर विशेष, तेव्हा गोनॅडोट्रोफमधे रस असेल तर पहिला दरवाजा तोच. ठाण्याहून स्लो लोकलने परळ, नेरूळ-पनवेलकडनं हार्बरने कुर्ला आणि तिथनं बदलून, रोज जाऊन येऊन करता येण्यासारखं आहे. बाजूलाच केईएम, तिथला एंडोक्रायनॉलॉजी विभाग कुशिंग, अॅक्रोमेगाली अशा पिट्युटरीच्या आजारांसाठी देशभर माहीत आहे, पेशंटच्या ट्यूमरवर काम करायचं असेल तर अशा डॉक्टरांशी जोडलेला गाइड हवा. खारघरला अॅक्ट्रेक, टाटा मेमोरियलचं, पीएचडी होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूटकडनं. तिथला मुख्य विषय कॅन्सर आहे, पिट्युटरी नाही, हे स्पष्ट असू द्या, पण पेशीतलं सिग्नलिंग आणि मायक्रोस्कोपी शिकायला जागा चांगली आहे. कुलाब्याला टीआयएफआर, तिथे पेशीच्या आतली वाहतूक आणि न्यूरोबायोलॉजी. मुंबईबाहेर जायची तयारी असेल तर आयआयएससी बंगळुरू, तिथे एन. आर. मौदगल यांच्यापासनं एलएच-एफएसएचवर कामाची परंपरा आहे, शिवाय पुण्याचं आयसर, हैदराबादचं सीसीएमबी.

मेल पाठवताना सीव्ही जोडून "आय अॅम व्हेरी इंटरेस्टेड इन युवर एस्टीम्ड लॅब" असलं काही नको. त्यांच्या गेल्या तीनचार वर्षांतल्या एका पेपरमधली एक विशिष्ट आकृती घ्या, त्यात काय दिसतंय ते दोन वाक्यांत लिहा, तुम्हाला पडलेला एक प्रश्न लिहा, तुम्हाला हाताने काय येतं ते एका वाक्यात, आणि कुठली परीक्षा क्वालिफाय झालीय किंवा देताय ते. बास, मोबाइलच्या एका स्क्रीनवर मावलं पाहिजे. उत्तर नाही आलं तर पंधरा दिवसांनी एकदा आठवण करा, दुसऱ्यांदा नको.

मग लॅबमधल्या मुलांशी बोला, गाइड नसताना, खाली चहाच्या टपरीवर. विचारायच्या गोष्टी अशा की मागच्या पाच जणांची पीएचडी किती वर्षांत झाली आणि ते आज कुठे आहेत, पहिला पेपर कितव्या वर्षी निघाला, किट संपलं की नवीन यायला किती दिवस लागतात, नेगेटिव्ह रिझल्ट आला की सर किंवा मॅडम काय म्हणतात. हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. "परत कर, येईल" एवढंच म्हणणारा गाइड आणि "कंट्रोल दाखव, मग बघू" म्हणणारा गाइड, यात दुसऱ्याकडे जा, पगार आणि नाव कमी असलं तरी.

मुलींसाठी वेगळं सांगते, कारण घरनं लग्नाचा विषय ह्याच वर्षांत येतो. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत पीएचडी करणाऱ्या महिलांना २४० दिवसांपर्यंत मॅटर्निटी किंवा चाइल्ड केअर लीव्हची सोय आहे आणि मुदतीतही दोन वर्षांची जादा सवलत आहे. गाइडला हे माहीत नसेल तर त्याला दाखवा, आणि घरच्यांनाही दाखवा.

बनतंय की सुटतंय

आता खरा विषय. समजा तुम्ही जीएच३ पेशींवर टीआरएच टाकलं, ह्या रॅटच्या (मोठ्या उंदराच्या) पिट्युटरी ट्यूमरपासनं आलेल्या पेशी, प्रोलॅक्टिन आणि ग्रोथ हार्मोन दोन्ही बनवतात, आणि पंधरा मिनिटांनी मीडियातलं, म्हणजे पेशी ज्या द्रवात वाढतात त्यातलं, प्रोलॅक्टिन वाढलेलं दिसलं. टीआरएचने प्रोलॅक्टिन जास्त बनतं, असं लिहून मोकळं व्हायचं का? नाही. पंधरा मिनिटांत जीन चालू होऊन, एमआरएनए बनून, प्रोटीन तयार होऊन, ग्रॅन्यूलमधे म्हणजे साठवणीच्या बारीक पिशव्यांत भरून बाहेर यायला वेळच नाहीये, जे बाहेर आलं ते आधीच साठवलेलं होतं. टीआरएच रिसेप्टरला लागलं की जीक्यू प्रोटीन, मग फॉस्फोलायपेज सी, मग आयपी३, आणि पेशीच्या आतल्या साठ्यातनं कॅल्शियम सुटतं, स्क्रीनवर तो उंच काटा दिसतो, मग बाहेरच्या पडद्यातल्या व्होल्टेजवर चालणाऱ्या चॅनलमधनं कॅल्शियम येत राहतं, तो बुटका पण लांब चालणारा टप्पा. ह्या कॅल्शियममुळे ग्रॅन्यूल रिकामे होतात. उलट त्याच पेशींना ४८ तास इस्ट्रोजेन दिलं तर प्रोलॅक्टिनचा एमआरएनए वाढतो, म्हणजे बनणंच वाढतं, आणि वर पेशींची संख्याही बदलू शकते.

म्हणून सवय लावून घ्या, प्रत्येक एक्सपेरिमेंटमधे मीडियातलं हार्मोन, पेशीच्या आत उरलेलं हार्मोन आणि एमआरएनए हे तिन्ही बघायचं, आणि आकडा डीएनएने किंवा टोटल प्रोटीनने भागायचा. थीसिसच्या व्हायव्हात अर्धे प्रश्न इथनंच येतात.

मोजताना एलायझाला आंधळेपणाने मान देऊ नका. सँपल १ः२, १ः४, १ः८ असं पातळ करून लावा आणि जितकं पातळ केलं तितक्याने परत गुणा, तिन्ही उत्तरं जवळपास एकच आली पाहिजेत. पातळ केल्यावर आकडा वाढतच चाललाय असं दिसलं तर हुक इफेक्ट असू शकतो, म्हणजे हार्मोन इतकं जास्त की त्याला दोन बाजूंनी पकडणाऱ्या किटमधल्या दोन्ही अँटीबॉडी वेगवेगळ्या भरल्या जातात आणि सँडविच बनतच नाही, रीडिंग खोटं कमी येतं. हे फक्त लॅबचं नाही, मोठ्या प्रोलॅक्टिनोमाच्या पेशंटचा रिपोर्टसुद्धा ह्यामुळे चुकीचा कमी येऊ शकतो आणि ऑपरेशन करायचं की गोळ्या द्यायच्या हा निर्णय त्याच्यावर असतो, प्रोलॅक्टिनोमा कॅबरगोलिनच्या गोळ्यांनी आटोक्यात येतो बऱ्याचदा. आणि किट मागवताना प्राणी तपासा! जीएच३ उंदराच्या म्हणजे रॅटच्या पेशी आहेत, माणसाच्या प्रोलॅक्टिनचं किट तिथे चालणार नाही, आणि किट महाग असतं, परत घेत नाहीत.

पेशी सांभाळणं

योग्य प्रश्नाला योग्य पेशी घ्या, ही अर्धी लढाई. प्रोलॅक्टिन कमी करणारं मुख्य सिग्नल डोपामिन, ते डी२ रिसेप्टरवरनं काम करतं, म्हणून मुलं जीएच३ वर डोपामिनसारखं काम करणारं ब्रोमोक्रिप्टिन टाकतात, पण जीएच३ मधे कामापुरता डी२ नसतोच, मग जो परिणाम दिसतो तो दुसऱ्याच वाटेने आलेला असतो. डोपामिनचा प्रश्न असेल तर एमएमक्यू पेशी किंवा प्रायमरी कल्चर बघा. गोनॅडोट्रोफसाठी अल्फाटी३-१ आणि एलबीटाटी२ ह्या दोन्ही माऊसच्या (छोट्या उंदराच्या) सेल लाइन्स, पण पहिल्यात अल्फा सबयुनिट आणि जीएनआरएच म्हणजे एलएच-एफएसएच सोडायला सांगणाऱ्या हायपोथॅलॅमसच्या हार्मोनचा रिसेप्टर आहे, एलएच बीटा नाही, त्यासाठी एलबीटाटी२ लागते. एसीटीएचसाठी एटीटी-२०. पेशी कुठल्या घ्यायच्या ते ठरलं की पुण्याच्या एनसीसीएसच्या सेल रिपॉझिटरीत आधी चौकशी करा, तिथे नसेल तर बाहेरनं मागवायला वेळ आणि कागद दोन्ही लागतात, सहा महिने आधी हलायला लागा.

मीडियात घालतात त्या सीरमकडे सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं. सीरममधेच स्टेरॉइड आणि थायरॉइड हार्मोन असतात, म्हणजे तुम्ही "हार्मोन न दिलेला कंट्रोल" म्हणता त्यालाही हार्मोन मिळतच असतं. चारकोलने स्ट्रिप केलेलं सीरम वापरा, आणि इस्ट्रोजेनचा प्रश्न असेल तर फिनॉल रेड नसलेला मीडिया घ्या, कारण त्या लाल रंगाच्या द्रव्याचा इस्ट्रोजेनसारखा थोडा परिणाम होतो. सीरमचा लॉट बदलला की जुन्या-नव्या लॉटमधे तोच एक्सपेरिमेंट शेजारी शेजारी करून बघा. पॅसेज नंबर, म्हणजे पेशी कितव्यांदा नव्या थाळीत वाटल्या तो आकडा, वहीत लिहा, मायकोप्लाझ्मा ह्या कल्चरमधे लपून वाढणाऱ्या जंतूंची ठरलेल्या दिवशी टेस्ट करा. आणि आपल्याकडचा पावसाळा, जून ते सप्टेंबर हवेत ओलावा इतका असतो की इन्क्युबेटरच्या पाण्याच्या ट्रेमधे फंगस पकडते, ट्रे दर आठवड्याला धुवा, निर्जंतुक पाणी घाला, आणि भिजलेली छत्री, रेनकोट कल्चर रूमच्या बाहेर म्हणजे बाहेरच. लाइट गेली तर मायनस ८० चा फ्रीझर कुठल्या लाइनवर आहे, जनरेटर किती वेळात लागतो, हे सिक्युरिटीच्या काकांकडनं आधीच माहीत करून घ्या, गोठवलेल्या व्हायल्सची एक जोडी दुसऱ्या लॅबच्या लिक्विड नायट्रोजनमधे ठेवा.

प्रायमरी कल्चर म्हणजे प्राण्यातनं ताज्या पेशी काढणं, त्याला संस्थेच्या प्राणी नीतिसमितीची परवानगी लागते, अर्ज पहिल्याच वर्षी टाका. त्यात नर की मादी, मादी असेल तर चक्राच्या कुठल्या दिवशीची, हे लिहिलं नाही तर पिट्युटरीच्या बाबतीत डेटाला काहीच अर्थ उरत नाही.

वेळ हाच अर्धा सिग्नल

ह्या विषयातलं मला सगळ्यांत सुंदर वाटतं ते हे. १९७८ मधे अर्न्स्ट नोबिल यांच्या गटाने माकडांमधे दाखवलं की जीएनआरएच तासाला एकदा ठोक्याने दिलं तर एलएच-एफएसएच नीट येतात, आणि तेच जीएनआरएच सलग सोडत राहिलं तर दोन्ही खाली जातात. औषध तेच, फक्त लय वेगळी. पुढे कळलं की ठोके भरभर असतील तर एलएचकडे कल जातो, सावकाश असतील तर एफएसएचकडे. आयव्हीएफमधे, प्रोस्टेट कॅन्सरमधे, वेळेआधी वयात येणाऱ्या मुलांमधे जी ल्युप्रोलाइडसारखी औषधं वापरतात ती ह्याच गोष्टीवर चालतात, सतत उत्तेजन देऊन पेशींना गप्प करणं.

तुमच्यासाठी ह्याचा अर्थ हा की २४ तासांनी एकदा मीडिया काढून मोजलं तर बहुतेक गोष्ट हातातनं गेलेली असते. जमलं तर पेरिफ्यूजन शिका, पेशींवरनं मीडिया वाहता ठेवायचा आणि दर काही मिनिटांनी फ्रॅक्शन गोळा करायचं. उपकरण नसेल तर पंप, नळ्या आणि छोटा कॉलम यांच्यावर बऱ्याच लॅबनी आपलं आपण उभं केलंय. आपल्याकडे हे करणारे थोडे आहेत, म्हणूनच शिका, पीएचडीनंतर पोस्टडॉकला म्हणजे पुढच्या संशोधनासाठी दुसऱ्या लॅबमधे जाताना ही एक गोष्ट तुमचं नाव वेगळं काढेल. दुसरी अशी गोष्ट कॅल्शियम इमेजिंग, एकाच थाळीतल्या शेजारशेजारच्या दोन पेशी एकाच हार्मोनला वेगळं उत्तर देतात हे डोळ्यांनी बघितलं की सरासरीवरचा विश्वासच कमी होतो.

पीएचडीनंतर

पैशाचं आधी. फेलोशिप मंजूर असते पण खात्यात वेळेवर येईलच असं नाही, महिनोन् महिने थांबते, म्हणून पहिल्या पगारापासनं तीनचार महिन्यांचा खर्च बाजूला टाकत जा, विशेषतः खारघरला किंवा ऐरोलीत रूम घेऊन राहत असाल तर. दर वर्षाचा प्रोग्रेस रिपोर्ट, एचआरएचे कागद वेळेवर द्या, त्यात आपल्याकडनं उशीर नको.

चौथ्या वर्षात पोस्टडॉकचे मेल सुरू करा. पोस्टडॉकला पीएचडीचाच विषय थोडा बदलून करू नका, एक नवीन पद्धत शिकायला जा, पीएचडीत मोजणी आणि सिग्नलिंग झालं असेल तर पोस्टडॉकला इमेजिंग किंवा प्राण्यांमधलं जेनेटिक्स. परतायचं असेल तर डीबीटीची रामलिंगस्वामी फेलोशिप, डीएसटीची इन्स्पायर फॅकल्टी, इंडिया अलायन्स, आणि आता एएनआरएफ, ह्यांच्या वयाच्या आणि पीएचडीनंतरच्या वर्षांच्या अटी बाहेर असतानाच वाचून ठेवा. कॉलेजात शिकवायचं असेल तर नेट किंवा महाराष्ट्राची सेट. आणि अकॅडेमिक नोकरी मिळेपर्यंत मधे वेळ गेला तर घाबरू नका, ठाणे-बेलापूर पट्ट्यात फार्मा, बायोटेक, डायग्नोस्टिक्स सगळं आहे, अॅसे व्हॅलिडेशन (मोजणीची पद्धत तपासून पक्की करणं) आणि बायोअॅसे येणाऱ्या माणसाची तिथे गरज असते, मोजायला शिका म्हणत होते त्याचं हेही एक कारण.

फॅकल्टीच्या इंटरव्ह्यूला पाच वर्षांचा प्लॅन विचारतात. तिथे "पिट्युटरीमधील हार्मोन नियमनाचा अभ्यास" असं मोघम नको, एक पेशी, एक सिग्नल, एक मोजता येणारं उत्तर, उदाहरणार्थ गोनॅडोट्रोफला ठोक्यांचा वेग कळतो कसा, आणि त्यासाठी पहिल्या वर्षी कुठली लाइन, दुसऱ्या वर्षी कुठला प्राणी, कुठे अडलं तर पर्याय काय. बजेटमधे मोठ्या मायक्रोस्कोपच्या आधी किट्स, सीरम, आणि एका चांगल्या टेक्निशियनचा तीन वर्षांचा पगार लिहा. मायक्रोस्कोप शेजारच्या विभागाचा वापरता येतो, त्याचं सहमतीपत्र आधीच घेऊन अर्जाला जोडा, कमिटी ते बघते. किट्सचा खर्च काढताना रोजच्या सँपलबरोबर स्टँडर्ड कर्व्ह, डायल्यूशन आणि डुप्लिकेट यांनी प्लेटची जवळपास अर्धी जागा जाते हे धरून काढा, नाहीतर दुसऱ्या वर्षीच पैसे संपतात आणि लोक नेमके कंट्रोल कापायला लागतात.